पाटावरची भूक

"उठा. अहो, उठा आधी त्या पाटावरून. पोळी गेली खड्ड्यात, हात धुवा आणि बाहेर या."

आमची ही शेजारच्या दारात उभी राहून ओरडत होती. ग्वाल्हेरला असताना हिने गच्चीवरून हाक मारली की आवाज किल्ल्याच्या भिंतीवर आपटून परत यायचा आणि मी दोनदा घरी यायचो. कळवणात तसा किल्ला नाही, त्यामुळे आवाज सरळ बाजारपेठेत गेला. रसवंतीवाल्याने चरक थांबवला, असं तो स्वतः मला नंतर सांगत होता.

मी पाटावर बसलो होतो. डोक्याला केशरी फेटा, अंगात माझ्या लग्नातला रेशमी झब्बा, खांद्यावर त्या घरच्या म्हातारीने दिलेला कोरा टॉवेल, आणि उजवा हात आमरसात. ही म्हणते कोपरापर्यंत. मनगटाच्या जरासा वर असेल.

"कोणाच्या नावाने जेवताय ते विचारलंत का?" ही म्हणाली. आवाज आता खाली आला होता, आणि हिचा आवाज खाली आला की मला जास्त भीती वाटते. "ह्यांचा मुलगा भरल्या ताटावरून उठून गेला तो परत आलाच नाही. मेला तो. त्याचा पाट आहे हा. त्याच्या जागी बसवलंय तुम्हाला."

म्हातारी चुलीसमोर होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"बाई, त्याले जेवू दे," ती म्हणाली. "उपाशी ग्या व्हता तो. आज त्यानं पोट भरू दे."

आणि मी? मी मुकाट्याने पुढची पोळी ओढली.

हा पाट माझ्या खाली कसा आला, ते सांगतो. ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत महाराष्ट्राला अजून दक्षिण म्हणतात. आमच्या कंपनीने, म्हणजे बियाण्यांच्या कंपनीने, मला कांद्याचं बी विकायला कळवणला पाठवायचं ठरवलं, तेव्हा माझ्या आत्याने मला जवळ बसवून सल्ला दिला होता. "दक्षिणेत चाललास, जपून राहा. तिकडे रस्त्यावरची माणसंसुद्धा मराठी बोलतात. बायकोशी भांडायचं तर हिंदीत भांड." आम्ही तिघं, म्हणजे मी, ही आणि आमची मुलगी, होळीच्या आधी इथे उतरलो. घर मिळालं ते म्हातारीच्या घराला लागून. मधे कमरेएवढी भिंत. भिंतीच्या पलीकडे तिचं अंगण, अंगणात बाहेरची चूल, घरामागे कांदा साठवायची चाळ. म्हातारी एकटीच राहायची. गल्ली तिला माय म्हणायची, म्हणून आम्हीही माय म्हणू लागलो. ती मला सायेब म्हणायची, आणि आमचं ग्वाल्हेरी मराठी ऐकून पदराआड हसायची.

आता माझ्या भुकेबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिचीच आहे. माझी भूक घराण्याची शान होती. ग्वाल्हेरात मी लग्नाला आलो म्हटल्यावर आचारी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन विचारायचा की वऱ्हाड अजून किती आहे, आणि ह्यांना त्यात धरलंय की वेगळं. एका मुंजीत तर बटूला भिक्षावळीत आलेले लाडू लपवून ठेवावे लागले. कळवणला हनुमान जयंतीचा भंडारा झाला. मी पंगतीत बसलो, आणि वाढपी दमले, बदलले, परत पहिले आले, तरी मी तिथेच. बुंदीचं पातेलं माझ्यासमोर उलटं करून दाखवण्यात आलं. गावात नाव झालं. बी विकायला गेलो की शेतकरी आधी जेवणाचं विचारायचे आणि मग उगवण किती टक्के ते.

त्या भंडाऱ्यात माय खांबाला टेकून उभी होती. सगळे हसत होते, ती हसत नव्हती. मी घास उचलला की तिची नजर घासाबरोबर वर यायची, घास तोंडात गेला की तिथेच थांबायची. मला वाटलं, कौतुक. माणसाला दुसरं काय वाटणार?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तशी एक दिवस ती भिंतीपाशी आली.

"सायेब, आखाजीले आमनाकडे जेवाले यी जा. सकाळी काही खाऊ नका."

"माय, मी तर आत्ताही येऊ शकतो," मी म्हणालो.

ती हसली नाही. "पोट भरीसन जेवशात ना? अर्ध्यातून उठशात नही ना?"

मी छाती पुढे काढली. म्हणालो, "माय, भरल्या ताटावरून उठायची आमच्या खानदानात रीत नाही. पोट भरलं असं मी स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत पाट सोडणार नाही. शब्द दिला."

"बस," ती म्हणाली. "शब्द द्या." आणि भिंतीवरून हात पुढे करून तिने माझा हात धरला. उन्हात तापलेल्या भिंतीवर टेकलेला तो हात माठासारखा गार होता.

आमची चूक सरळ होती आणि ती ग्वाल्हेरहून आलेलंच कोणी करू शकलं असतं. आमच्याकडे त्या दिवसाला अक्ती म्हणतात, आणि अक्तीला बाहुला-बाहुलीची लग्नं लागतात. खोटं वऱ्हाड, खरी जेवणं. मुली महिनाभर आधीपासून बाहुल्यांचे दागिने करतात. म्हणून आखाजीचं बोलावणं आलं म्हटल्यावर आम्हाला लग्नघरच डोळ्यांसमोर आलं. हिने माझा रेशमी झब्बा काढला, फेटा इस्त्री केला. मुलीने बाहुल्याला मुंडावळ्या बांधल्या आणि विचारलं, मायच्या घरी नवरी आहे का. मला एकट्यालाच बोलावलंय हे हिला जरा खटकलं होतं, पण म्हणाली, तुमच्यापुढे आम्हा दोघींना काय उरणार, म्हणून बोलावलं नसेल. आणि ती मुलीला घेऊन, बाहुल्यासकट, गावाबाहेरच्या चिंचेला बांधलेले झोके बघायला गेली. माहेरी आलेल्या लेकी तिथे झोक्यावर उभ्या राहून गाणी म्हणत होत्या. झोका इतका उंच जात होता की वर गेलेली बाई गडावरच्या देवीचं दर्शन घेऊन खाली यायची, अशी माझी माहिती आहे.

मी भर दुपारी मायच्या दारात उभा राहिलो. वैशाखाचं ऊन असं की कावळे उडायचे सोडून भिंतीच्या सावलीतून चालत जात होते.

माय उंबऱ्याशी बसली होती. वाटीतल्या कुंकवात बोट बुडवायची, उंबऱ्यावर टेकवायची आणि पुटपुटत एक नाव घ्यायची. नाव घेतलं की बोट, बोट टेकवलं की नाव. आजेसासऱ्यांपासून सुरू झालं असावं, कारण बरीच जुनी नावं होती, आता कोणी ठेवत नाही अशी. उंबरा एका टोकापासून लाल होत आला. मी मनात म्हटलं, पाहुणे बरेच येणार दिसतात. शेवटी एका बोटापुरती जागा राहिली. तिने ते बोट टेकवलं, नाव इतकं हळू घेतलं की ओठच हलले, आणि मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"ये रे," ती म्हणाली.

तोवर मी सायेब होतो. मला बरं वाटलं. माया वाटली. मी चपला काढल्या, तिने माझे पाय धुतले, टॉवेल खांद्यावर घातला, आणि मी त्या लाल ओळीवरून पाय उचलून आत गेलो.

आत तिची लेक होती, सासरहून आलेली. तिने माझ्याकडे पाहून चटकन नजर खाली घातली. कोपऱ्यात तांबड्या मातीची घागर पाण्याने भरून ठेवली होती, तिच्या तोंडावर खरबूज, बाजूला आंबे. आमच्याकडे पाणी भरून ठेवतात ते उन्हाळ्याचं, म्हणून मी तिकडे फार लक्ष दिलं नाही. भिंतीवर एक रिकामा खिळा होता आणि खिळ्याखाली एक चौकोन बाकी भिंतीपेक्षा उजळ. तिथला फोटो काढून ठेवला होता, हे मला नंतर कळलं. माणूस स्वतः जेवायला येणार तर फोटो कशाला.

मी बसलो. पाट गार होता. बाहेर वैशाख पेटला होता आणि पाटाखालून मात्र विहिरीतून यावा तसा गारवा येत होता. मी फेटा सारखा केला आणि ताटाकडे पाहिलं, आणि गारवा विसरलो. खापरावर भाजलेली पुरणाची पोळी, घडी घातली तरी ताटाबाहेर लोंबणारी. आमरस. रस्सा. कुरडया, भजी, सांजोऱ्या. मायने माझ्याआधी प्रत्येक पदार्थातलं थोडं थोडं घेऊन आतल्या चुलीतल्या निखाऱ्यावर ठेवलं, वर तूप सोडलं. जाळ भपकन वर आला आणि खाली बसला.

"जेव," ती म्हणाली.

पुढच्या अर्ध्या तासात मी आयुष्यात खाल्लेलं सगळं जेवण एका जेवणात खाल्लं, असं समजा. लेक वाढत होती, माय भाजत होती. पोळी ताटात पडायच्या आत तिचा शेवट ठरलेला होता. मी ग्वाल्हेरचे किस्से सांगत होतो, आचाऱ्याचा, मुंजीचा, आणि स्वतःच हसत होतो, कारण त्या दोघी हसत नव्हत्या. मग कधीतरी माझं हसणं थांबलं. पोट भरलं होतं. पोट भरल्याचं मला कळतं, ती माझी विद्याच आहे. झब्ब्याची शिवण कुरकुरते. शिवण कुरकुरली होती. पण भूक तशीच होती. पहिल्या घासाला होती तेवढीच, कदाचित जरा जास्त. घास घशाखाली उतरायचा आणि मग कुठे जायचा ते कळायचं नाही. मी चाखत होतो, चावत होतो, गिळत होतो, आणि तृप्ती मात्र येत नव्हती. जेवण माझ्याच अंगातून जात होतं, पण मुक्कामाला दुसरीकडे थांबत होतं.

भूक मला ओळखीची आहे. लहानपणापासून तिच्याशी माझी दोस्ती. ही ती नव्हती. माझी भूक दंगेखोर, हसरी. ही भूक रुसलेली होती. कोणीतरी दार आपटून बाहेर जावं तशी.

मी घास हातात धरून थांबलो. लेकीकडे पाहिलं. ती माझ्या हाताकडे बघत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. त्याच वेळी दारातून हिचा आवाज आला.

झोक्याजवळ बायकांनी हिला जागा करून दिली होती, मुलीच्या बाहुल्याचं कौतुक केलं होतं, आणि बोलता बोलता एकीने विचारलं, "तुमना मालक आज पितर बठनात ना मायकडे? लय बरं झालं बाई. दुसरं कोणी बसत नव्हतं."

हिने विचारलं, पितर बसणं म्हणजे.

मग तिला सगळं सांगितलं गेलं. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांना जेवू घालतात. त्यांच्या जागी एक जिवंत माणूस पाटावर बसवतात. तो जेवला की ते जेवले. मायचा मुलगा दोन वर्षांमागे आखाजीच्याच दिवशी ताटावरून रागाने उठला, पिकअपमध्ये कांदा भरलेला होता, दुसऱ्या दिवशी बाजार समितीत लवकर नंबर लागावा म्हणून पिंपळगावला निघाला, आणि नांदुरीच्या घाटात गाडीसकट खाली गेला. वर्षाने पुढच्या आखाजीला भावकीतला एक जण त्याच्या पाटावर बसला. अर्ध्यातून उठून पळाला. म्हणाला, मी खातोय ते माझ्या पोटात जात नाही. तेव्हापासून गावातलं कोणी त्या पाटावर बसायला तयार नव्हतं. "तुमना मालक जेवणारा माणूस," ती बाई कौतुकाने म्हणाली. "ते पुरतीन."

ही तिथून निघाली ती मुलीला एका हाताने ओढत. चिंचेपासून आमची गल्ली बरीच लांब आहे. हिने ते अंतर इतक्या वेगात कापलं की वाटेत एक मोटारसायकल मागे टाकली. मुलगी म्हणते दोन.

तर ही दारात उभी, माय चुलीपाशी, आणि मी मधे.

"तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?" हिने मायला विचारलं.

"सांगितलं असतं तर पाठवलं असतं?"

ही माझ्याकडे वळली. "उठा."

मी उठायला गेलो. कोणी खाली दाबून धरलं वगैरे काही नाही, पाय मोकळे होते. मला उठायचंच नव्हतं. मला भूक लागली होती. शब्द दिला होता हे खरं, पण शब्द मोडण्याची माझी सवय जुनी आहे, त्याचं काही एवढं नाही. भुकेचं होतं. इतकी भूक घेऊन मी घरी गेलो असतो तर ती मी कुठे ठेवली असती?

माझं तोंड उघडलं. मी हिला म्हणणार होतो, जरा थांब. तोंडातून आलं ते असं:

"कांदा दे फोडून."

लेकीच्या हातातला रसाचा डाव खाली पडला. माय वळली. तेवढ्या वेळात पहिल्यांदा तिने चुलीकडे पाठ केली.

तुम्हाला म्हणून सांगतो, मी सणाच्या जेवणात कांदा खात नाही. आमच्याकडे सणाला कांद्याचं नाव काढत नाहीत, आणि पितरांच्या पानात तर नाहीच नाही; पान बाटतं. इथेही तसंच. शिवाय पुरणपोळीबरोबर कच्चा कांदा शुद्धीवरचा कोण मागतो?

लेक भिंतीला टेकली आणि हिला सांगू लागली, मला नाही. माझ्याकडे ती बघतच नव्हती. "दादाला प्रत्येक घासाला कांदा लागायचा, वहिनी. बुक्कीने फोडलेला. त्या दिवशी बी मागितला. माय म्हणाली, आज सण शे, पान बाटी जाई, एक दिवस कांद्यावाचून जेव. तो म्हणाला, दिवसभर कांदा वाहतो आणि घरात एक मिळत नाही. आणि उठला."

बाहेर आमची मुलगी उंबऱ्यावरची कुंकवाची बोटं बघत बसली होती, बाहुला मांडीवर.

माय हळूहळू उभी राहिली.

"माय, नको," लेक म्हणाली. "कांदा आणशील तर सगळं बाटेल. आबा आहेत, आजा आहे, सगळे बसलेत आज. एकट्यासाठी सगळे उपाशी जातील."

मायने उंबऱ्याकडे पाहिलं. त्या सगळ्या लाल बोटांकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सासरा असेल त्यात, नवरा असेल, ज्यांच्यापुढे तिने आयुष्यभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही ते सगळे असतील. ती दरवर्षी त्यांच्यासाठी हा दिवस राखून ठेवत आली होती.

"त्या मोठा शेतस," ती म्हणाली. "समजी लेतीन."

आणि उंबरा ओलांडून ती मागच्या चाळीकडे गेली. मी, ही, लेक, तिघं जिथे होतो तिथे. चाळीची फळी सरकवल्याचा आवाज आला. माय परत आली तेव्हा तिच्या ओच्यात एक कांदा होता, उन्हाळी, लालसर, मूठभर. माझ्यासमोर ती फरशीवर बसली, कांदा ठेवला आणि मूठ आपटली. त्या म्हाताऱ्या हाडांत इतका जोर कुठून आला, देव जाणे. फरशीला तडा गेलेला मी तुम्हाला अजून दाखवू शकतो. कांदा चार ठिकाणी फुटला. तिने वरचं साल काढून आतला गाभा माझ्या पानात, पुरणपोळीवर, ठेवला.

"खाय," ती म्हणाली. "खाय, बेटा."

मी खाल्ला. पोळीचा तुकडा, वर कांदा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उन्हाळी कांदा तिखटच असतो, बी आमच्याच कंपनीचं असेल तर जास्त. मायचे डोळे कोरडे होते. ती घासाबरोबर नजर वर नेत होती, भंडाऱ्यात न्यायची तशीच.

शेवटचा घास गिळला आणि भूक गेली. एसटी सुटल्यावर स्टँड जसं क्षणात रिकामं होतं, तशी. पाटाखालचा गारवा गेला. आणि त्याबरोबर आतापर्यंत खाल्लेलं सगळं, दुसरीकडे मुक्कामाला गेलेलं सगळं जेवण, एकदम माझ्या पोटात परत आलं.

"भरलं?" मायने विचारलं.

"भरलं," मी म्हणालो.

मग मला हिने आणि मायच्या लेकीने धरून घरी नेलं. बाहेर पडताना मधल्या भिंतीशी मी टेकलो, तिथे भिंत जरा कलली आहे ती माझ्यामुळे.

हिने घरी मीठमोहऱ्या ओवाळल्या, मिरच्या जाळल्या. गल्ली खोकत बाहेर आली. संध्याकाळपर्यंत ही शांत झाली आणि तिला स्पष्टीकरणही सापडलं. "दिवसभर तोंडात कांद्याचंच बियाणं असतं तुमच्या," ती म्हणाली. "झोपेतसुद्धा कांदा विकता. भरल्या पोटी दुसरं काय सुचणार?" मीही तेच म्हणालो. पटण्यासारखं आहे ते. मी स्वतः तेच लोकांना सांगतो.

फक्त एक झालं. दुसऱ्या दिवशी मला भूक लागली नाही. अजीर्ण असेल म्हटलं. त्याच्या पुढच्या दिवशी लागली नाही. मग आठवडा गेला, पाऊस आला, गणपती आले, मोदक आले. घड्याळात जेवायची वेळ झाली की जेवतो. ही ताट ठेवते, मी रिकामं करतो. चव कळते, पोट भरल्याचं कळतं, शिवण कुरकुरत नाही एवढंच. पण आतून कोणी हाक मारत नाही. नाशिक रोडला एका डॉक्टरला दाखवलं. त्याने पोट दाबून बघितलं, वजन बघितलं आणि अभिनंदन केलं. गावात पंगत असली की लोक मला मधल्या जागी बसवतात, वाढपी बाह्या सरसावून तयार राहतात, आणि मी दोन पोळ्यांवर हात आडवा धरतो. सगळे हिरमुसतात. एका लग्नात तर मुलीच्या बापाने हात जोडून विचारलं, आमचं काही चुकलं का.

कंपनीच्या गाडीने नांदुरीचा घाट उतरताना एका वळणावर ताज्या फोडलेल्या कांद्याचा वास येतो. उन्हाळ्यात येतो तसा थंडीतही येतो, रस्त्यावर एकही कांदा नसताना येतो. आमचा ड्रायव्हर तिथे काच वर करतो. मी त्याला कधी विचारलं नाही, त्यानेही मला सांगितलं नाही.

माझी भूक मायच्या मुलाबरोबर गेली, असं माझं मत आहे. घाईत उठताना माणूस दुसऱ्याच्या चपला घालून जातो, तसं काहीतरी. त्याची भागली, जाताना माझीही उचलली. राग नाही. पण परत हवी होती. मुलगी रोज आपल्या ताटातला एक घास माझ्यापुढे धरते आणि विचारते, बाबा, आता लागली का. तिच्यासाठी तरी हवी होती.

म्हणून पुढच्या आखाजीला मी सकाळपासून तयार. काही न खाता राहिलो, त्यात मला कष्ट नव्हते. झब्बा आता सैल होत होता. फेटा मी स्वतः बांधला. ही फेट्याचं टोक धरून उभी राहिली. तिलाही भूक लागलेला नवरा हवा होता.

दुपारी मी भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. चूल पेटलेली होती, खापर तापत होतं. दारातून आतली भिंत दिसत होती. खिळ्यावर फोटो होता, हार घातलेला. माय उंबऱ्यावर बोटं टेकवत होती. जुनी नावं झाली, नवऱ्याचं झालं. शेवटचं बोट तिने इतरांसारखंच टेकवलं, नाव इतरांसारखंच घेतलं, थांबली नाही, आणि पदराला हात पुसला.

मी खाकरलो. तिने वर पाहिलं.

"माय," मी म्हणालो, "औंदा आमंत्रण नाही? मी येतो की. शब्द देतो."

तिने माझ्या फेट्याकडे पाहिलं, कुंकवाची वाटी उचलली आणि उठता उठता म्हणाली, "कसाले, सायेब? तो पोट भरीसन जेवना ना."